बीआरटी : लोकांनी नेमकं काय नाकारलं?

बीआरटी (बस रॅपिड ट्रान्झिट) म्हणून बससाठी स्वतंत्र मार्गिका राखायची म्हटली, की शहरात वाद पेटतो. त्या वादात ठामपणे मांडले जाणारे काही समज तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : भारतीय शहरांना बीआरटी मानवतच नाही.
वस्तुस्थिती : दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा 5.8 किलोमीटरचा मार्ग 2008 मध्ये सुरू झाला आणि 2016 मध्ये उखडला गेला. अहमदाबादचा ‘जनमार्ग’ 2009 मध्ये सुरू झाला आणि पुढे वाढत गेला. गर्दी आणि बेशिस्त दोन्हीकडे होती. आराखडे वेगळे होते.

गैरसमज : मार्गिका आखली, की बीआरटी झाली.
वस्तुस्थिती : अहमदाबादेत तिकीट स्थानकातच मिळतं, फलाट आणि बसचा तळ एका उंचीवर असतो आणि मार्गिकेत ठरलेल्याच बस येतात. त्यामुळे चढउतार झटपट होते. दिल्लीत मार्गिका सगळ्या बसना खुली होती आणि थांबे चौकालगत होते. सिग्नल लांबले, मोटारींच्या रांगा वाढल्या आणि रोष बीआरटीवर निघाला. पुण्यात 2006 मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्ग सुरू झाला, तेव्हा रस्ता सुखरूप ओलांडून थांब्यावर पोचण्याची सोयच अपुरी होती.

गैरसमज : बसला मार्गिका देणं म्हणजे मोटारवाल्यांवर अन्याय.
वस्तुस्थिती : दोन-तीन मोटारींएवढ्या जागेत एक बस पन्नास-साठ माणसं नेते. वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व द्यावं, असं 2006 चं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणही सांगतं. दिल्लीच्या मार्गाविरुद्धची याचिका तिथल्या उच्च न्यायालयाने 2012 मध्ये फेटाळली होती. तरीही मार्ग टिकला नाही, कारण कोर्टात जिंकून लोकांचा विश्वास मिळत नाही.

गैरसमज : लोकांचं मन वळवायला जाहिराती पुरतात.
वस्तुस्थिती : मन वळतं ते अनुभवाने. अहमदाबादने रीतसर सेवा सुरू करण्याआधी लोकांना मोफत प्रवास करू दिला. बस वेळेवर येते, हे प्रवाशांनी स्वतः पाहिलं.

तुमच्या शहरात असा आराखडा हरकती-सूचनांसाठी येईल तेव्हा नुसता पाठिंबा किंवा विरोध नोंदवू नका. तीन प्रश्न लेखी विचारा : म्हाताऱ्या माणसाने थांब्यापर्यंत रस्ता कसा ओलांडायचा? मार्गिकेतली घुसखोरी कशी रोखणार? पहिल्या दिवशी पुरेशा बस असतील का? यांची उत्तरं मिळाल्याशिवाय कामाला मंजुरी मिळू देऊ नका.