कळ आणि काळजी

सकाळची फास्ट लोकल. घरून निघण्याआधी तीनदा संडासला जाऊन आलेला एक माणूस डोंबिवलीला गाडीत शिरतो. नाश्ता मुद्दाम टाळलाय, बाटलीतलं पाणीही पीत नाही, कारण लोकलमध्ये शौचालय नसतं. ठाणं सुटतं आणि बेंबीखाली पहिली कळ येते. ‘इथे लागली तर?’ हा विचार येतो न येतो तोच दुसरी कळ, आणखी जोराची.

त्याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस आहे. दुर्बिणीतून आतडं धडधाकट दिसतं, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येतात. मग घरचे म्हणतात, “टेन्शन घेऊ नकोस, सगळं मनाचं आहे.” मला हे बोलणं निर्दय वाटतं, आणि ते चूकही आहे.

आपल्या अन्नमार्गाच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशींचं जाळं असतं. वेगस नावाची चेता त्याला मेंदूशी जोडते, आणि तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू पोटाकडची खबर वर नेतात. ताण आला की मेंदूतून सीआरएफ हे रसायन सुटतं. जठर मंदावतं, मोठं आतडं घाई करतं. परीक्षेच्या सकाळी हे कुणाचंही होतं. आयबीएसमध्ये आतड्याची जाणीवच तिखट झालेली असते. १९७३ साली एका संशोधकाने रुग्णांच्या मोठ्या आतड्यात छोटा फुगा फुगवून पाहिला. निरोगी माणसांना ज्याचं फारसं काही वाटलं नाही, तेवढ्या फुगण्यानेच या रुग्णांतल्या बऱ्याच जणांना दुखलं. दुखणं खरंच होतं.

कळ काळजी वाढवते, काळजी कळ. हे चक्र मनाकडूनही सैल करता येतं. मँचेस्टरचे डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या ३० रुग्णांवर संमोहनाची चाचणी घेतली. संमोहन मिळालेल्यांना स्पष्ट आराम पडला. या पद्धतीत रुग्ण पोटावर तळवा ठेवतो आणि त्याची ऊब आत झिरपतेय अशी कल्पना करतो. वर्तनोपचारही उपयोगी पडतात. मात्र शौचातून रक्त पडणं, वजन घटणं, ताप किंवा रात्री झोपमोड करणारे जुलाब असतील तर ताणावर बोट ठेवून थांबू नये, डॉक्टर गाठावा. क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारांत आतड्याला प्रत्यक्ष सूज असते, आणि तिथे औषधांना पर्याय नाही.

रोजच्या प्रवासाचं काय? उपाशी निघण्यापेक्षा तासभर लवकर उठावं. चहा-नाश्ता पोटात गेला की मोठं आतडं आपसूक हलतं, ते घरीच हलू द्यावं. गाडीत श्वास सावकाश सोडावा, घेण्यापेक्षा जास्त वेळ लावून. वाटेतल्या कोणत्या स्टेशनावर शौचालय कुठे आहे ते माहीत करून घ्यावं. ऑफिसात निदान एकाला खरं सांगून ठेवावं, म्हणजे उशिराची धास्ती उरत नाही. घाटकोपरला उतरून मागची गाडी धरली तर पंधरा-वीस मिनिटं जातात. तेवढी जाऊ द्यायची असं घरूनच ठरवून निघालं, तर पुष्कळदा उतरावं लागतच नाही.