मायक्रोवेव्ह शोषणारा चुंबकीय कार्बन

कार्य : रडार, मोबाइल मनोरे व उपग्रह-संदेशवहन यांत वापरल्या जाणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी धातूच्या पत्र्यावरून परावर्तित होतात, शोषक द्रव्यात मात्र त्या आत शिरतात आणि त्यांच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते.

रचना : ग्राफीन, कार्बन-नलिका किंवा सच्छिद्र कार्बन हा विद्युतवाहक घटक लहरीच्या विद्युतक्षेत्राची, तर त्यात विखुरलेले लोह, कोबाल्ट वा मॅग्नेटाइटचे नॅनोकण, म्हणजे मीटरच्या अब्जांश भागांत मोजले जाणारे कण, तिच्या चुंबकीय क्षेत्राची ऊर्जा जिरवतात. निव्वळ कार्बन फारच विद्युतवाहक ठरला तर लहर पृष्ठभागावरूनच परतते आणि निव्वळ चुंबकीय द्रव्य जड पडते, म्हणून दोहोंचा संयोग केला जातो.

मोजमाप : परावर्तन किती घटले हे डेसिबलमध्ये मोजतात, धातूचा आधार असलेल्या थरासाठी उणे १० डेसिबल म्हणजे ९० टक्के, तर उणे २० डेसिबल म्हणजे ९९ टक्के ऊर्जेचे शोषण होय. अनेक रडार ८ ते १२ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालत असल्याने चाचण्या बहुधा तेथेच होतात.

कच्चा माल : यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावसारख्या कापूसपट्ट्यात वेचणीनंतर उरणाऱ्या पऱ्हाट्या प्राणवायूविना तापवल्यास सच्छिद्र कार्बन मिळतो, तापवण्यापूर्वी त्या लोहक्षारांच्या द्रावणात भिजवल्यास त्याच कार्बनात चुंबकीय कण तयार होऊ शकतात.

मर्यादा : कणांचा आकार, त्यांचे वितरण व थराची जाडी प्रत्येक वेळी सारखी राखणे ही औद्योगिक उत्पादनातील मुख्य अडचण आहे.