यंत्राचा मालक कोण?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. तिच्या जागी आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. साहजिकच २०१७ पूर्वी घेतलेले बहुतेक संगणक त्या कसोटीस उतरत नाहीत. वास्तविक त्यांतले अनेक आजही सुस्थितीत आहेत. शिक्षकाच्या प्रश्नपत्रिका, कारकुनाचे तक्ते आणि विद्यार्थ्याचे प्रकल्प त्यांवर बिनतक्रार होतात. स्वतःच्या पैशाने घेतलेले यंत्र केव्हा निकामी ठरावे, हे ठरविण्याचा अधिकार अखेर कोणाचा, हा प्रश्न या निमित्ताने पुढे आला आहे.

लिनक्सचा विचार करावयाचा तो या संदर्भात. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या या उद्योगाची वार्ता जाहीर केली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाची त्याला जोड मिळाली. १९९२ मध्ये ते ग्नूच्याच परवान्याखाली आले आणि आज्ञावली वाचण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा सर्वांना मिळाली. एका संस्थेने हात आखडता घेतला तरी दुसरी ते काम पुढे नेऊ शकते. जुन्या यंत्रांना लिनक्सवर दीर्घायुष्य लाभते, त्याचे मर्म येथे आहे.

दैनंदिन अनुभव काय सांगतो? चार जीबी स्मृतीच्या संगणकावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती समाधानकारक चालते. ब्राउझर, ईमेल, लिब्रेऑफिस, चित्रफिती यांत नवख्यालाही फारसे अडत नाही. पेनड्राइव्हवरून ती आधी चालवून पाहता येते आणि मूळ व्यवस्थेला तोपर्यंत धक्का लागत नाही. अडचणी मुळीच नाहीत असे मात्र नव्हे. एखाद्या वायफाय चिपसाठी ड्रायव्हर शोधावा लागतो. काही छपाईयंत्रे हट्ट धरतात. केवळ विंडोजसाठी लिहिलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर चालेलच याची शाश्वती नसते. ज्याची उपजीविका अशा एखाद्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे, त्याने घाई करू नये.

परंतु मराठी माणसाची खरी अडचण कार्यप्रणालीत नसून त्याच्या जुन्या कागदपत्रांत आहे. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फाँटांत टंकलेला मजकूर संगणकाच्या लेखी रोमन अक्षरेच असतो. देवनागरी हा केवळ वरचा मुखवटा. फाँट नसेल तेथे शाळेचे इतिवृत्त म्हणजे निरर्थक चिन्हांची रांग होते. युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीसह १९९१ मध्येच, म्हणजे लिनक्सच्याच जन्मवर्षी प्रसिद्ध झाली. इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये उपलब्ध आहे आणि विंडोजमध्येही. असे असता आपल्या कार्यालयांनी व छापखान्यांनी जुने फाँट वर्षानुवर्षे कवटाळले, आणि आज त्या फायलींनीच आपल्याला एका विशिष्ट यंत्राशी व सॉफ्टवेअरशी जखडले आहे. हे बंधन कोणा परदेशी कंपनीने घातलेले नाही.

घरगुती सर्व्हरचा अनुभवही उद्बोधक आहे. जुन्या संगणकावर लिनक्स व सांबा बसवून घरातील सर्वांची छायाचित्रे व कागदपत्रे एके ठिकाणी ठेवता येतात. दरमहा भाडे द्यावे लागत नाही आणि खासगी गोष्टी परक्याच्या कोठारात जात नाहीत. मात्र सरासरी तीस वॅट वीज घेणारे यंत्र अहोरात्र चालले, तर महिन्याला सुमारे २२ युनिटे खर्च होतात. वीज अवचित गेल्यास फायली बिघडू शकतात, म्हणून यूपीएस हवा. डिस्क एक ना एक दिवस बंद पडतेच, तेव्हा दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आणि शक्यतो वेगळ्या घरी ठेवावी लागते. तो सर्व्हर इंटरनेटवर खुला करणे तर जाणकारीशिवाय धोक्याचेच. मालकी आली की राखणदारीही आली.

‘एवढा व्याप सामान्य माणसाने का करावा?’ हा आक्षेप गैर नाही. म्युनिक नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरविले. उलट केरळच्या शाळांत मुक्त सॉफ्टवेअर रुजले, कारण तेथे शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जोड त्याला होती. केवळ फुकट मिळते म्हणून घेतलेली वस्तू टिकत नाही. ती वापरणारी माणसे तयार करावी लागतात.

यास्तव सर्वांनी उद्याच विंडोजचा त्याग करावा, असे सुचविण्याचा हेतू नाही. प्रत्येक शाळेने भंगारात निघालेल्या एखाद्या संगणकावर लिनक्स बसवून पाहावे. विद्यार्थ्यांना यंत्राचे अंतरंग उघडून दाखवावे. आणि त्याहून निकडीचे म्हणजे, जुन्या मराठी फायली युनिकोडमध्ये आणण्याचे काम आजच हाती घ्यावे. यंत्र बदलता येते. वाचता न येणारा दस्तऐवज मात्र असून नसल्यासारखाच.