गवंड्याच्या दाखल्यावर मालकी कोणाची?

स्वतंत्रपणे उक्ती कामे घेणाऱ्या कारागिराला पगार नसतो, हे सर्वांच्या ध्यानात येते. त्याला वरिष्ठ नसतो, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. नोकरदार मनुष्य नोकरी सोडताना अनुभवाचा दाखला घेऊन बाहेर पडतो. येरमाळ्याचा गवंडी पंचवीस घरे उभी करतो आणि सव्विसाव्या घरमालकापुढे रिकाम्या हातांनीच जातो.

गावात आहे तोवर याने फारसे बिघडत नाही. त्याने बांधलेली भिंत तेथेच उभी असते. ती ओळंब्यात आहे की नाही, हे येणारा-जाणारा पाहू शकतो. शिवाय ज्याने त्याचे नाव सुचविले, तो गृहस्थ पुढच्या बाजाराच्या दिवशी भेटणार असतो. काम फसले तर चार माणसांत त्यालाही ऐकून घ्यावे लागते. गावातील शिफारशीला किंमत आहे ती यामुळेच. शिफारस करणारा आपली पत गहाण ठेवीत असतो. परंतु हाच गवंडी बार्शीमार्गे पुण्याला गेला, की त्याची पंचवीस घरे मागे राहतात. तेथे तो ठेकेदाराच्या हाताखालचा रोजंदार होतो. कौशल्य त्याचे, नाव ठेकेदाराचे.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन या दुखण्याचे निदान केले. चांगला माल आणि वाईट माल ग्राहकाला ओळखता येत नसेल, तर तो दोहोंना सरासरी भाव देऊ करतो. त्या भावात चांगल्या विक्रेत्याला परवडत नाही आणि तो बाजारातून बाहेर पडतो. या विचाराला २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गिलाव्याखाली दडलेल्या विटांना तो अक्षरशः लागू पडतो.

सरकारनेही दाखल्याचे महत्त्व मान्य केले आहे, पण उलट्या बाजूने. बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळात नोंदणी व्हावयाची तर मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस काम केलेले असले पाहिजे, ही १९९६ च्या कायद्यातील अट २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम राहिली. अट गैर नाही. परंतु उक्ती कामे घेणाऱ्याचे ९० दिवस सात-आठ घरमालकांत विखुरलेले असतात. त्यांपैकी कोणीच स्वतःला त्याचा मालक मानीत नाही. मग तो ग्रामपंचायतीच्या दारात उभा राहतो. तेथे सही करणाऱ्याला खऱ्या दाखल्यापासून काही लाभ नसतो आणि खोट्यापासून सहसा तोटा नसतो. अशा व्यवस्थेत खरा कामगार खेटे घालतो आणि बोगस नोंदणीच्या तक्रारी होत राहतात, यात नवल ते काय? २०२३ च्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतही ग्रामीण कारागिराच्या पडताळणीची पहिली पायरी ग्रामपंचायतच आहे.

दाखला खरे तर ज्याने काम पाहिले त्याने द्यावयाचा. येथे आपली भाषा आडवी येते. ‘शिफारस’ म्हटले की आपल्याला वशिला आठवतो, आणि म्हणून प्रामाणिक गवंडी ती मागायला लाजतो. वशिला हा न केलेल्या कामाचा मोबदला असतो. दाखला ही केलेल्या कामाची साक्ष असते. मजुरीइतकाच तोही कारागिराने कमावलेला असतो. बारा हजारांचा हिशेब चोख देणारा घरमालक चार ओळी लिहून द्यावयास का कचरतो, हे मला न उलगडलेले कोडे आहे.

मागावयाचे ते हिशेब पुरा होईल त्या दिवशी. ‘उत्तम कारागीर आहे’ अशा वाक्याचा कोणाला उपयोग नाही. काम कोणते, किती चौरस फूट, ठरलेल्या मुदतीत झाले काय, उचल घेऊन मधेच काम सोडले काय, उरलेले सिमेंट परत दाखविले काय, एवढे यावे. तारीख आणि सही असावी. नव्या गिऱ्हाइकाला आपला दूरध्वनी क्रमांक देण्याची परवानगीही त्याच वेळी विचारावी. न विचारता दिलेला क्रमांक चांगल्या शिफारशीचाही विचका करतो. लिहिता न येणाऱ्या घरमालकाचा तोंडी शब्दही चालेल, मात्र तो फोनवर ऐकविण्याची त्याची तयारी हवी.

आणि पहिला पावसाळा सरल्यावर त्याच घरी पुन्हा जावे. स्लॅब कोठे ठिबकला काय, हे विचारावे, ठिबकला असेल तर दुरुस्त करून द्यावा, आणि जुन्या कागदावर त्याची एक ओळ वाढवून घ्यावी.