जुनी स्की, नवे बाइंडिंग : सुट्या भागांच्या बाजारातील एक धडा

मूळ वस्तू धडधाकट असते, पण तिचा एखादा लहानसा भाग झिजतो आणि तो बाजारात मिळत नाही म्हणून सारी वस्तू अडगळीत पडते. शिलाई मशीनपासून मोटारीपर्यंत हा अनुभव सर्वांनाच येतो. अमेरिकेत तलावाकाठच्या घरांमध्ये पाण्यावरच्या जुन्या स्कीची हीच गत होते. फळी शाबूत, पण पाय अडकवण्याचे रबर फाटलेले. या रबरी जोड्याला ‘बाइंडिंग’ म्हणतात.

मोटारबोटीला बांधलेला दोर धरून पायाखालच्या फळ्यांवर पाण्यावरून घसरत जाण्याचा हा खेळ. मिनेसोटा राज्यातील लेक पेपिन या सरोवरावर १९२२ साली राल्फ सॅम्युएल्सन या तरुणाने तो प्रथम साध्य केला. पाइनच्या फळ्यांची टोके त्याने उकळत्या पाण्यात मऊ करून वळवली होती आणि पाय अडकवायला चामड्याचे पट्टे लावले होते. पुढे ‘स्लालम’ हा प्रकार रूढ झाला. यात दोन्ही पाय एकाच फळीवर, एकामागे एक असतात. पाण्यात मांडलेल्या सहा तरंडांना आलटून-पालटून वळसा घालायचा असतो. पुरुषांच्या स्पर्धेत बोटीचा वेग ताशी ५८ किलोमीटरपर्यंत असतो. वळणावर सारा जोर पावलावर येतो. म्हणून बाइंडिंग हा या स्कीचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय.

रबर आधी का जाते?

फळी लाकडाची असो वा फायबरग्लासची, नीट ठेवल्यास ती अनेक वर्षे टिकते. रबराचे तसे नाही. ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांमुळे ते कडक होते, त्याला भेगा पडतात आणि एके दिवशी ते ऐन वेगात फाटते. फाटले नाही तरी धोका असतोच. पडताना पाय सुटायला हवा. घट्ट बाइंडिंगमधून तो वेळेवर सुटला नाही, किंवा एक सुटला आणि दुसरा अडकून राहिला, तर घोटा मुरगळतो, प्रसंगी हाडही मोडते. त्यामुळे फाटक्या रबराला ठिगळ लावून वेळ मारून नेणे हे काटकसरीचे नव्हे, नुकसानीचे काम आहे.

नाव नव्हे, माप पाहा

येथेच ग्राहकाची फसगत होते. स्कीवर ज्या कंपनीचे नाव आहे त्याच कंपनीचे नवे बाइंडिंग आणले की बसेल, असा त्याचा समज असतो. प्रत्यक्षात बाइंडिंग एका पट्टीवर, बहुधा ॲल्युमिनियमच्या, जडवलेले असते आणि ती पट्टी स्क्रूने फळीवर बसते. या स्क्रूंच्या छिद्रांमधले अंतर कंपनीगणिक वेगळे, आणि एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या मालातही वेगळे असू शकते. वॉशिंग्टन राज्यातून ओब्रायन, कॉनेली, एचओ अशी नावे पुढे आली. पुढे कंपन्यांची मालकी बदलत गेली, जुने नमुने बंद पडले.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी चार गोष्टी लिहून घ्याव्यात : छिद्रांमधले आडवे व उभे अंतर, स्क्रूची जाडी, लांबी व आटे, पावलाचे माप, आणि पुढे कोणता पाय ठेवतो ते. जुना स्क्रू सोबत नेणे सर्वांत उत्तम.

तीन मार्ग

पहिला मार्ग म्हणजे लांबट खाचा असलेल्या पट्टीचे नवे बाइंडिंग घेणे. ते अनेक स्कींवर बसते. दुसरा, जुनी पट्टी चांगली असल्यास तिच्यावर फक्त नवे रबर चढवणे, किंवा कोरी पट्टी घेऊन आपल्या मापाने छिद्रे पाडणे. सिएटल शहरातील वाइलीज या दुकानाने पावलाच्या मापाने रबरी बूट बनवण्यातच नाव कमावले. तिसरा मार्ग, त्याच नमुन्याची दुसरी जुनी स्की विकत घेऊन तिचे बाइंडिंग काढणे. तो स्वस्त खरा, पण त्या रबराचेही वय झालेलेच असते. न वापरलेला जुना साठा घेतानाही हे ध्यानात ठेवावे. रबर वाकवून भेगा पाहाव्यात, मगच पैसे द्यावेत.

बसवताना

जुने बाइंडिंग काढण्यापूर्वी फळीच्या मागच्या टोकापासून पुढच्या टाचेपर्यंतचे अंतर मोजून ठेवावे. फळीचा तोल त्यावर असतो. अर्ध्या इंचाचा फरकही पायाला जाणवतो. नवा स्क्रू जुन्याहून लांब असू नये, नाहीतर तो फळीचा तळ फोडून बाहेर येतो. छिद्र सैल झाले असेल तर ते इपॉक्सीने भरून पुन्हा पाडावे. पाय घालताना साबणाचे पाणी वापरावे. खनिज तेल किंवा व्हॅसलिन रबराचा नाश करते. वापरानंतर गोड्या पाण्याने धुऊन स्की सावलीत ठेवावी.

धंद्याच्या दृष्टीने

नव्या बाइंडिंगची किंमत पुष्कळदा जुन्या स्कीच्या किमतीहून अधिक असते. तरीही ग्राहक ती मोजतो, कारण फळी वडिलांची असते किंवा पायाला सवयीची झालेली असते. अशा वेळी त्याला स्वस्त मालापेक्षा ‘हे यावर बसेल’ असे खात्रीने सांगणारा दुकानदार हवा असतो. मोठा कारखाना जुना नमुना विसरतो. लहान दुकानदार त्याची मापे वहीत जपून ठेवतो आणि त्यावरच त्याचे गिऱ्हाईक टिकते. सुट्या भागांचा व्यवसाय करणाऱ्या आपल्याकडच्या बांधवांनाही हे लागू आहे. माल कोणीही मागवू शकतो. कोणता भाग कशाला बसतो, हे ज्ञान हेच या धंद्यातले खरे भांडवल आहे.