चंद्राचे गणित आणि नाविकांची यंत्रे

खुल्या समुद्रात नाविक सेक्स्टंटने सूर्याची वा चंद्राची क्षितिजापासूनची उंची मोजतो, त्या क्षणी तो गोल पृथ्वीवरील कोणत्या बिंदूच्या नेमका माथ्यावर होता हे पंचांगातून काढतो आणि दोहोंच्या मेळातून जहाजाचे स्थान ठरवतो. यात एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, चूक झाली तर स्थान साधारण एका सागरी मैलाने सरकते. ग्रिनिचचे नेव्हिल मॅस्केलाइन यांनी 1767 सालापासूनचे नाविक पंचांग काढले तेव्हा त्यातील आकडे पगारी गणक हाताने काढीत.

सूर्यासाठी यंत्राची फारशी गरज कधीच नव्हती. 1 जानेवारी 2000च्या मध्यान्हापासून लोटलेल्या दिवसांना 0.9856474ने गुणून 280.46 अंशांत मिळवले की मध्यम सूर्य मिळतो, आणि त्याला मंदफलाचा, म्हणजे कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे लागणारा जास्तीत जास्त 1.9 अंशांचा, संस्कार दिला की चूक एका कलेच्या आत येते. हे मंदफल एप्रिलच्या आरंभी विसरले, तर विषुववृत्तावरील जहाज शंभरावर सागरी मैल भलतीकडे दिसेल. चंद्राचे मंदफल मात्र 6.3 अंशांचे असून सूर्याच्या ओढीमुळे त्यावर 1.27, 0.66 असे उतरते संस्कार लागत जातात, आणि अर्नेस्ट ब्राउन यांच्या 1919च्या सारण्यांमागील सिद्धान्तात अशी सुमारे दीड हजार पदे आहेत.

यंत्राला हात घालायला लावले ते या बेरजेने. ब्रिटिश पंचांग कार्यालयातील लेस्ली कॉम्री यांनी 1929मध्ये ब्राउन यांच्या सारण्या भोके पाडलेल्या कार्डांवर उतरवून होलेरिथ यंत्रांकरवी 1935 ते 2000 या काळातील चंद्रस्थाने काढण्याचे काम घेतले. पुढे अमेरिकेत वॉलेस एकर्ट यांनी त्याहून धाडसी पाऊल टाकले: सारण्या वगळून 1948च्या आयबीएम यंत्रावर मूळ पदांचीच बेरीज केली, आणि त्यातून सुधारलेले चंद्रगणित 1954मध्ये प्रसिद्ध झाले.

1974मध्ये आलेल्या एचपी-65 या खिशातील गणकयंत्राच्या प्रोग्रॅमला जेमतेम शंभर पायऱ्यांची जागा होती. सूर्य तिच्यात बसे, चंद्राची लांबलचक बेरीज मावणे शक्य नव्हते. म्हणून त्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी नौदल वेधशाळेने काही दिवसांच्या अवधीपुरत्या बहुपदींचे गुणांक छापायला घेतले, म्हणजे अवघड भाग कार्यालयातील मोठ्या संगणकाने उरकायचा आणि जहाजावर थोडेसे गुणाकार उरायचे. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी 1520च्या ‘ग्रहलाघवा’त ज्या-कोज्यांना फाटा देऊन पंचांगकर्त्यांचे श्रम वाचवले होते, प्रयोजन निराळे, पण युक्ती त्याच कुळातली. बेल्जियमचे जाँ मेयस यांच्या 1991च्या ग्रंथात चंद्राच्या भोगांशासाठी सुमारे साठ पदे पुरली आणि चूक दहा विकलांवर (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) आली, तोवर घरगुती संगणकाला ती बेरीज क्षणाचे काम झाले होते.

एक अडचण मात्र प्रोग्रॅमच्या बाहेरच राहिली. गणितातील काळ एकसारखा धावतो, तर घड्याळाचा काळ पृथ्वीच्या किंचित अनियमित फिरण्याशी बांधलेला असतो. दोहोंतील अंतर आज सुमारे 69 सेकंद आहे. ते दुर्लक्षिले तर सूर्य तीनच विकला चुकतो, पण चंद्र अर्ध्या कलेहून अधिक, आणि हे अंतर पुढील वर्षांसाठी सूत्राने नेमके सांगता येत नसल्याने ते वेधांवरून ठरवून प्रोग्रॅममध्ये वेळोवेळी भरावे लागते.