उंबरठ्याच्या आतील कौमारभृत्य

अष्टांग आयुर्वेदात कौमारभृत्यास स्वतंत्र अंगाचे स्थान आहे आणि ‘भृत्य’ या शब्दातच भरणपोषणाचा अर्थ सामावलेला आहे. प्रत्यक्षात मात्र बालरुग्ण आपल्यासमोर दहा मिनिटे असतो. जिव्हा, उदर, मल, ज्वर यांचे परीक्षण होते, चाटण लिहून दिले जाते आणि पुढचा रुग्ण आत येतो. त्या बालकाचे भरणपोषण ज्या घरात चालते, ते घर आपल्याला क्वचितच दिसते. चिकित्सालयापासून चार घरांवर राहणारे एक कुटुंब मला जून २०२४ ते मे २०२५ असे वर्षभर जवळून पाहावयास मिळाले. त्यांच्या अनुमतीने व नावे वगळून ती हकिकत येथे देत आहे.

घरात पाच माणसे. आजी, मुलगा, पतसंस्थेत नोकरी करणारी सून, साडेतीन वर्षांची नात आणि २०२४ च्या गुढीपाडव्याच्या सुमारास जन्मलेला नातू. सुश्रुताचार्यांच्या वर्गीकरणानुसार एक क्षीरप व एक अन्नाद, म्हणजे एकाच चुलीवर दोन भिन्न अवस्थांचे पोषण.

आषाढात पहिला प्रश्न गुटीचा आला. आजींनी जन्मापूर्वीच हिरडा, बेहडा, वेखंड, जेष्ठमध, अतिविष, सुंठ, हळकुंड, मुरुडशेंग, मायफळ असा संच आणून ठेवला होता. “आमची चारही मुले गुटीवर वाढली,” हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तथापि पावसाळी हवेत त्या काड्यांवर बुरशी धरली होती, आणि सहाण साध्या पाण्याने विसळली जात असे. मी त्यांच्यापुढे ग्रंथाचाच आधार ठेवला. काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात लेहन कोणास द्यावे व कोणास देऊ नये, या दोन्हींचा विचार आहे. सरसकट प्रत्येक बालकास ते द्यावे, असे आचार्यांचे मत नाही. आईला दूध पुरेसे आहे, बाळाचे वजन वाढते आहे, मग सहा महिने केवळ स्तन्य, हा आजचा सर्वमान्य दंडक मोडण्याचे कारण कोणते? सोने-मधाच्या चाटणासही मी स्पष्ट नकार दिला. मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जंतूची बीजे असू शकतात आणि वर्षाच्या आतील बालकाच्या आतड्यात ती रुजून प्राणघातक पक्षाघात होऊ शकतो. आपल्यापैकी अनेक वैद्यबंधू आजही तान्ह्या बाळास मधातून मात्रा देतात. अनुपान म्हणून तूप किंवा आईचे दूध हाताशी असता हा धोका का पत्करावा, हे मला समजत नाही. जायफळाविषयीही तेच. ते उगाळून दिल्याने बाळ ‘शांत झोपते’. पण ती झोप अतिमात्रेमुळे आलेली ग्लानी असू शकते.

आजी रुसल्या नाहीत. त्यांचे कौशल्य आम्ही अभ्यंगाकडे व सुनेच्या आहाराकडे वळविले. बाळाचे पोट धरले की नाभीभोवती हिंगाचा कोमट लेप, एवढेच.

खरी चिकित्सा मात्र नातीची करावी लागली. तक्रार नेहमीची होती. भूक नाही, चार-चार दिवस शौचास होत नाही, चिडचिड, अधूनमधून अंथरुणात लघवी. घरात धाकटे आले की थोरल्याचे असे होतेच, हे आपण जाणतो. भूक लागण्याचे एक सिरप औषधी दुकानातून आधीच आणलेले होते आणि दुसरे मजकडून हवे होते. मी औषध न लिहिता आजींना एका जुन्या वहीत नातीचा आठ दिवसांचा दिनक्रम टिपून आणण्यास सांगितले. ती वही मी जपून ठेवली आहे. सकाळी उठताच चॉकलेट पावडर घातलेले दूध, शाळेच्या डब्यात बिस्किटे, घरी आल्यावर पुन्हा दूध, एक वाजता मोबाईल समोर ठेवून भरविलेला चार घास वरणभात, पाच वाजता दूध आणि वेफर्स, रात्री जेवली नाही म्हणून झोपताना दूध. भूक लागण्यास दिवसात जागाच उरलेली नव्हती. अध्यशनाचे याहून सुबक उदाहरण पाठ्यपुस्तकातही मिळणार नाही! रक्तपरीक्षणात हिमोग्लोबिन कमी आले. अतिदुग्धपानात लोहाची उणीव व मलावरोध हे दोन्ही वारंवार दिसतात. बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने लोह सुरू केले.

वहीत आणखी एक गोष्ट सापडली. मागील वर्षी तिच्या बालवर्गाची घंटा सकाळी सव्वासातची होती. पावणेसातला झोपेतून उचलून तिला गाडीत बसविले जाई. शौचाचा वेग येई तो शाळेत, आणि तेथील शौचालयास ती घाबरे. म्हणजे वर्षभर ती रोज पुरीषवेगाचे धारण करीत होती. अधारणीय वेगांचा अध्याय आपण मोठ्यांना समजावून सांगतो. साडेतीन वर्षांच्या मुलीस तो कोण सांगणार? फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ वा त्यानंतर भरविण्याचा निर्णय काढला आणि जूनपासून तिच्या शाळेने तो पाळला. गावात या निर्णयावर कुरकुर पुष्कळ झाली, विशेषतः नोकरदार पालकांची. या घरास मात्र सकाळचा दीड तास मिळाला. उठल्यावर कोमट पाणी, मऊ भात किंवा पेज व तूप, आणि त्यानंतर पायाखाली पाट ठेवून दहा मिनिटे शांत बसविणे, रागावणे नाही. दूध दिवसातून दोन लहान पेल्यांवर आणले. रात्री भिजविलेल्या काळ्या मनुका दिल्या. जेवताना मोबाईल बंद करण्याचे काम वडिलांवर सोपविले, कारण तो मोबाईल त्यांचाच होता. पहिले दहा दिवस घरात रडारड झाली. श्रावण संपेतो ती रोज शौचास जाऊ लागली आणि भाकरी मागून खाऊ लागली. सिरपची बाटली अर्धीच राहिली.

पितृपंधरवड्यात सुनेची सव्वीस आठवड्यांची रजा संपली. बाळ साडेपाच महिन्यांचे होते. डबाबंद दुधाचा विषय निघाला. त्याऐवजी सकाळी दूध काढून शीतकपाटात ठेवणे व दिवसा वाटी-चमच्याने पाजणे ठरले. आजींना बोंडल्याची सवय होती, पण बोंडल्याची चोच आतून घासता येत नाही, हे त्यांनी स्वतःच मान्य केले.

दसऱ्यास उष्टावण झाले. मुगाच्या डाळीचे मऊ वरण, भात, तूप. ऋतू शरद असल्याने आंबट ताक नको, एवढेच सांगितले. हेमंतात दोन्ही मुलांचा अग्नी चांगला राहिला. हिमागमी कर्णवेध करावा, या अष्टांगहृदयातील संकेतास धरून आठव्या महिन्यात बाळाचे कान टोचले.

जानेवारीत बोरन्हाण होते. हौसेचा समारंभ, आळीतील सारी मुले गोळा झालेली. बाळाच्या डोक्यावरून बोरे, हलवा, चुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा ओतल्या जातात आणि नऊ महिन्यांचे मूल हाती लागेल ते तोंडात घालते. शेंगदाणा श्वासनलिकेत अडकणे ही गंभीर घटना होय. आजींनी तोड काढली ती अशी, की बाळावर केवळ फुलांच्या पाकळ्या व मोठमोठी अखंड बोरे, आणि खाऊ थोरल्या मुलांच्या हाती वेगळा. ही सूचना आपल्या रुग्णांपर्यंत पौषातच पोहोचावी.

वसंतात दोघांनाही कास झाला. सितोपलादी दिले, बाळास तुपातून. औषधी दुकानदार बंधूंना येथे एक विनंती. सितोपलादीत वंशलोचन आठ भाग आहे आणि बाजारात त्या नावाने कृत्रिम पदार्थ सर्रास येतो. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्यप्रदेशातील छिंदवाडा परिसरात डायएथिलीन ग्लायकोलयुक्त खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. ऑक्टोबरमध्येच केंद्रीय आरोग्य महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, अशी सूचना काढली. तेव्हापासून कित्येक पालक ‘आयुर्वेदिक आहे ना, मग द्या’ म्हणत काउंटरवर येतात. त्यांच्या हाती आपण कोणती बाटली देतो, ती कोठून आली, घटक व वयानुसार मात्रा तीवर छापलेली आहे काय, हे पाहणे आता आपल्याकडे आले आहे. दोन दिवसांचा साधा कास, बाळ दूध पिते आहे, श्वास जलद नाही, तर बाटली न विकताही पालकांना परत पाठविता येते.

पाडव्यास बाळ वर्षाचे झाले. स्तन्य कमी होऊ लागलेल्या बालकासाठी वाग्भटांनी चारोळी, जेष्ठमध, मध, साळीच्या लाह्या व खडीसाखर यांचा मोदक सांगितला आहे. आजींनी चारोळी व लाह्या बारीक वाटून तो केला, आणि बाळास मध प्रथमच मिळाला तो त्यातून. नातीनेही दोन मोदक मागून घेतले.